रक्त पुण्याला कशाला, चिप इकडे आणा

सिकलसेलचा आजार काचपट्टीवर अर्धाच दिसतो. थेंबभर रक्त घ्यायचं, त्यात ऑक्सिजन काढून घेणारं सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचं, वर कव्हरस्लिप ठेवून कडा बंद करायच्या आणि अर्धा तास थांबायचं. मग मायक्रोस्कोपखाली गोल पेशींमध्ये लांबट, टोकदार, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसायला लागतात. निदानापुरतं हे ठीक आहे. पण त्या पेशी तिथे नुसत्या पडून असतात. शरीरात रक्त पडून राहत नाही. सिकलसेल हा वाहण्याचा आणि वेळेचा आजार आहे, हे मला पीएचडीच्या काळात बोटाच्या पेराएवढ्या एका पारदर्शक रबरी चिपवर दिसलं. त्या चिपबद्दल, आणि ती आमच्या भागात का यायला पाहिजे याबद्दल, लिहायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं.

मी ब्रह्मपुरीकडची. जिल्हा चंद्रपूर, वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. धानाचा मुलूख. पुण्यात पीएचडी करून परत आले आणि आता इथल्याच एका ग्रामीण कॉलेजात बीएस्सीला प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या वर्गात 'एएस पॅटर्न' (म्हणजे वाहक) आणि 'एसएस पॅटर्न' (म्हणजे पेशंट) समजावून सांगायची गरज पडत नाही. कुणाची बहीण एसएस असते, कुणाचा मामेभाऊ, कुणी स्वतः. रोवणीच्या दिवसांत पावसात भिजत, चिखलात दिवसभर वाकून काम झालं की रात्री हाडं ठणकायला लागतात आणि घरचे पेशंटला मोटारसायकलवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात आणतात. मे महिन्यात ब्रह्मपुरीचं तापमान देशात वरच्या नंबरात असतं, तेव्हा पुन्हा तेच. एकदा ओल आणि थंडी, एकदा ऊन आणि घाम, पण दुखणं एकच. मला लहानपणापासून याचं कोडं होतं.

हा आजार आपल्याकडे काल-परवा सापडलेला नाही. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन १९१० साली छापलं. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच आलेला आहे. म्हणजे माझ्या आईच्या जन्माच्या आधीपासून जगाला ठाऊक आहे की हा आजार आमच्यात आहे.

आता वेळेचा मुद्दा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलेलं असतं, एवढाच फरक. पेशीत ऑक्सिजन भरलेला असेपर्यंत त्या फरकानं काही बिघडत नाही. पेशीनं ऑक्सिजन सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात, आणि ते दोरे पेशीला आतून ताठ करून वाकवतात. मात्र हे लगेच होत नाही. ऑक्सिजन गेल्यापासून दोरे धरेपर्यंत थोडा उशीर लागतो. तेवढ्या अवधीत पेशी केशवाहिनीतून बाहेर पडून मोठ्या शिरेत आली आणि फुफ्फुसाकडे निघाली तर ती सुटली. केशवाहिनीच्या आतच ती ताठ झाली तर अडकली. आजाराचा सगळा खेळ या दोन घड्याळांच्या शर्यतीत आहे.

हा उशीर पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर कमालीचा अवलंबून असतो. अंगातलं पाणी कमी झालं, पेशी थोडीशी आटली, की उशीर कितीतरी पटींनी कमी होतो. मे महिन्यातलं दुखणं हे असं. थंडीत कातडीजवळच्या बारीक वाहिन्या आकसतात, रक्त सावकाश सरकतं, म्हणजे पेशीला अरुंद जागेत जास्त वेळ काढावा लागतो. रोवणीतलं दुखणं हे असं. एकीकडे घड्याळ पुढे पळतं, दुसरीकडे वाट लांबते. डॉक्टर, आशाताई सगळे सांगतात 'पाणी पी, अंग गरम ठेव'. त्या साध्या सल्ल्यामागे एवढं पक्कं भौतिकशास्त्र आहे हे कळल्यावर मी तो सल्ला पोरांना वेगळ्याच तळमळीनं सांगायला लागले.

काचपट्टीवर ही शर्यत दिसत नाही, कारण तिथे एकच घड्याळ आहे. दोन्ही घड्याळं दाखवायला वाहती वाट लागते, आणि ती वाट केशवाहिनीच्या मापाची लागते. लाल पेशीचा व्यास साधारण सात-आठ मायक्रोमीटर. केशवाहिन्या पाच ते दहा मायक्रोमीटरच्या. एका मिलिमीटरचे शंभर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे दहा मायक्रोमीटर. एवढ्या मापाच्या नळ्या, ज्यांची रुंदी, दाब आणि आतला ऑक्सिजन आपल्या हातात आहे, अशा नळ्यांच्या यंत्राला मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणतात.

ती बनते कशी ते सांगते, कारण हे काम हातानं करताना मला फार आनंद मिळायचा. आधी साचा. सिलिकॉनच्या गोल चकतीवर एसयू-८ नावाचं प्रकाशाला संवेदनशील रसायन पातळ पसरवतात, नळ्यांचा नकाशा छापलेला मास्क वर ठेवतात आणि अतिनील प्रकाश टाकतात. जिथे प्रकाश पडला तिथलं रसायन कडक होतं, बाकीचं धुऊन जातं. चकतीवर नळ्यांच्या जागी बारीक उंचवटे राहतात. हे काम क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली होतं. क्लीनरूम महागडी असते, पण साचा एकदा बनला की त्यावरून कितीतरी चिपा काढता येतात. पुढे हा मुद्दा मला लागणार आहे.

साच्यावर ओततात ते पीडीएमएस, एक सिलिकॉन रबर. घट्ट, पारदर्शक, चिकट द्रव. दहा भाग मूळ द्रव, एक भाग घट्ट करणारं. प्लास्टिकच्या ग्लासात चमच्यानं फेटलं की हवेच्या बुडबुड्यांनी ते पांढरं होतं. मग निर्वात भांड्यात ठेवायचं. बुडबुडे फुगत फुगत वर येतात, फुटतात, आणि द्रव हळूहळू पुन्हा नितळ होतो. साच्यावर ओतून सत्तर अंशाच्या ओव्हनमध्ये दोन तास. बाहेर काढलं की ब्लेडनं चौकोन कापून सोलून घ्यायचा. रक्त आत जायला आणि बाहेर यायला भोकं पाडायची, त्यासाठी कातडीची बायोप्सी घ्यायचा पंच चालतो. शेवटी चिप आणि काच दोन्हीवर अर्धा-एक मिनिट ऑक्सिजनचा प्लाझ्मा (विजेनं भारलेला वायू, रक्तातला प्लाझ्मा नव्हे) द्यायचा आणि एकमेकांवर टेकवायचं. टेकवताच ती अशी पकडतात की पुढे चिप फाटेल पण काचेपासून सुटणार नाही. ही पद्धत हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं १९९८ च्या सुमारास रूढ केली आणि तिथून हे तंत्र साध्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये शिरलं.

पीडीएमएसचा एक गुण सिकलसेलसाठी वरदानच आहे. त्यातून वायू आरपार जातो. रक्ताच्या नळीवर पातळ पडदा ठेवून दुसरी नळी केली आणि तिच्यातून नायट्रोजन सोडला, तर खालच्या रक्तातला ऑक्सिजन पडद्यातून निघून जातो. हवा सोडली की परत येतो. रक्ताला काहीही न मिसळता, त्याला हात न लावता. २००७ साली जॉन हिगिन्स, डेव्हिड एडिंग्टन, संगीता भाटिया आणि एल. महादेवन यांनी अशाच चिपमध्ये सिकलसेलचं रक्त तुंबताना आणि ऑक्सिजन दिल्यावर परत सुटताना दाखवलं. दाब, नळीची रुंदी, ऑक्सिजन, एकेक गोष्ट बदलून. तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्री होस्टेलवर झोप लागली नाही. माझ्या गावातल्या दुखण्याला कुणीतरी नळाची तोटी बसवली होती, उघडता येणारी आणि बंद करता येणारी.

मग माझ्या हातच्या चिपमध्ये मी ते बघितलं. नायट्रोजन सुरू केल्यावर आधी काहीच होत नाही. पेशी एकामागून एक, किंचित घडी पडून, सुळकन निघून जात असतात. मग त्यातली एखादी वळणावर क्षणभर रेंगाळते. तिच्या मागची तिला ढकलते, दोघी जातात. थोड्या वेळानं एक ताठ झालेली पेशी आडवी बसते आणि हलत नाही. तिच्या बाजूनं बाकीच्या घसटत जातात, त्यातली आणखी एक थांबते. बांधीत पाणी घ्यायच्या धुऱ्याच्या तोंडाशी एक काडी आडवी लागली की तिच्यावर कचरा बसतो आणि बघता बघता धार बंद होते, अगदी तसं. सगळ्या पेशी ताठ झालेल्याच नसतात. तुंबाऱ्यात कितीतरी गोल, मऊ, चांगल्या पेशीही अडकून पडलेल्या असतात. हे काचपट्टीवर कधीच कळलं नसतं. नायट्रोजन बंद करून हवा सोडली की आधी कडेच्या सुटतात, मग एकदम सगळं वाहतं होतं.

ती चित्रफीत मी जपून ठेवली आहे आणि दरवर्षी वर्गात दाखवते. मागे एका मुलीनं, जी स्वतः एसएस आहे हे मला नंतर कळलं, सगळे गेल्यावर येऊन विचारलं, "मॅडम, मले दुखते तवा आत हेच होऊन रायते काय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मंग ते सुटते बी ना, जसं यात सुटलं?" मी तिला पुन्हा ती चित्रफीत लावून दिली. तिनं सुटण्याचा भाग मागे नेऊन नेऊन बघितला. घरी बरेच लोक तिला म्हणायचे की कामाचा कंटाळा आहे म्हणून दुखण्याचं सोंग करते. त्या दिवशी तिनं मोबाइलवर ती चित्रफीत मागून घेतली, आजीला दाखवायला.

नुसती रबरी नळी म्हणजे रक्तवाहिनी नाही, हेही खरं. रक्तवाहिनीला आतून जिवंत पेशींचं अस्तर असतं आणि सिकलसेलमध्ये ते अस्तरही सुजलेलं, चिकट झालेलं असतं. पुढच्या चिपांमध्ये नळीच्या चारी बाजूंना हे अस्तर वाढवायला सुरुवात झाली. विल्बर लॅम यांच्या गटानं २०१२ साली अस्तर लावलेल्या चिपमधून सिकलसेलच्या पेशंटचं रक्त सोडलं, आणि हायड्रॉक्सीयुरिया घेणाऱ्यांच्या रक्तात फरक दिसतो का तेही तपासलं. हायड्रॉक्सीयुरिया म्हणजे आमच्याकडे रुग्णालयातून मिळते तीच गोळी. ती गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे जन्माआधी बाळाच्या रक्तात असतं ते, वाढवते, आणि ते हिमोग्लोबिन दोऱ्यात सामील होत नाही, म्हणून उशीर वाढतो. घड्याळ मागे सरकतं.

इथे उंदरांबद्दल लिहिलं पाहिजे, कारण लोक विचारतात की प्राण्यांवर प्रयोग करून सगळं कळतंच ना. सिकलसेलच्या बाबतीत उंदीर सहजासहजी उपयोगी पडला नाही. उंदराचं स्वतःचं हिमोग्लोबिन माणसाच्या सिकल हिमोग्लोबिनला दोरे करू देत नाही. म्हणून १९९७ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदराचे स्वतःचे हिमोग्लोबिनचे जनुक काढून टाकून माणसाचे घातले, तेव्हा कुठे सिकलसेलचा उंदीर तयार झाला. त्या उंदरांनी खूप शिकवलं. पानथरी, मूत्रपिंड, फुफ्फुस वर्षानुवर्षं कशी झिजतात हे जिवंत शरीरातच दिसतं. पण उंदराची लाल पेशी माणसापेक्षा लहान, त्याचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडणारं. शर्यत तीच, पण दोन्ही घड्याळं वेगळी.

ॲनिमल हाउसमध्ये मी काम केलं आहे. लाकडाच्या भुश्याचा तो वास, रात्री पिंजऱ्यातली खसखस अजून आठवते. पंचवीस ग्रॅमच्या उंदराच्या अंगात रक्त दोन मिलिलिटरसुद्धा नसतं. जुन्या पद्धतींना जेवढं रक्त लागायचं तेवढं काढायचं तर उंदीर मारावाच लागायचा, आणि दर आठवड्याचा बदल बघायचा तर दर आठवड्याला वेगळे उंदीर. चिपला काही मायक्रोलिटर पुरतात. शेपटीतून एक थेंब काढला की झालं, तोच उंदीर पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासता येतो. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी मांडलेली तत्त्वं, शक्य तिथे पर्याय वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, आम्ही परवानगीच्या अर्जात दरवेळी लिहायचो. पण संख्या खरोखर कमी होते हे मी या थेंबानं होताना बघितलं. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे.

शेजारच्या टेबलावर सी. एलिगन्स नावाच्या सूत्रकृमीवर काम चालायचं. एक मिलिमीटर लांबीचा, मातीत राहणारा, काचेसारखा आरपार दिसणारा, मोजून ३०२ चेतापेशींचा जीव. त्याच्या चेतापेशीत काय चाललंय ते बघायचं तर तो स्थिर हवा, आणि भूल दिली तर जे बघायचं तेच बदलतं. चिपमध्ये त्याला निमुळत्या नळीत शिरू देतात, किंवा वरून रबराचा मऊ पडदा हवेच्या दाबानं अलगद टेकवतात. बघून झालं की दाब सोडायचा, तो वळवळत निघून जातो. संध्या कौशिका आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा पडद्याच्या चिपमध्ये भूल न देता चेतापेशींच्या आतली वाहतूक बघितली, तीही आपल्या देशात. आमच्या काळ्या मातीत सूत्रकृमींची काय कमी! ग्रामीण कॉलेजात करण्यासारखं हे काम आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

कायद्यानंही आता दार उघडलं आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये, आणि आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन, औषध तपासताना प्राण्यांऐवजी अवयवांच्या चिपांसारख्या पद्धतींचा पुरावाही मान्य करायची सोय झाली.

तरीही चिपच्या नावानं वाट्टेल ते सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. पीडीएमएस तेलकट स्वभावाचे छोटे रेणू स्वतःत शोषून घेतं. नळीत सोडलेलं औषध भिंतीत मुरलं तर पेशींना मिळालं किती, हे वेगळं मोजावं लागतं. चिपला अस्थिमज्जा नाही, ताप नाही, वेदना तर नाहीच. २०१९ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठी मंजूर झालेलं, हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावणारं एक औषध सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतलं गेलं. तत्त्व सुंदर होतं, हिमोग्लोबिनचे आकडेही सुधारत होते. शरीर त्याहून मोठं निघालं. त्यामुळे चिप, उंदीर आणि माणूस यांतलं कुठलंही एक पुरेसं आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या एका प्रश्नाला, हे रक्त किती वेळात आणि किती अरुंद वाटेत तुंबतं, चिप नेमकं उत्तर देते, तो प्रश्न आमच्या माणसांच्या रक्ताला कुणी पुरेसा विचारलेला नाही. मला खरं तर एवढंच सांगायचं आहे.

आमचं रक्त वेगळं आहे. भारतातल्या सिकलसेलचा जनुकीय गट, ज्याला अरब-भारतीय म्हणतात, आफ्रिकेतल्या गटांहून निराळा आहे. त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं. म्हणून बरीच वर्षं म्हणायचे की भारतातला आजार सौम्य. पण विदर्भातले डॉक्टर सांगतात आणि आम्ही घरात बघतो की इथे कित्येकांना तो अजिबात सौम्य नाही. एकाच घरात, एकाच आईबापाच्या दोन एसएस मुलांपैकी एक शेतात राबते आणि दुसरा महिन्याला भरती होतो. का? गर्भातल्या हिमोग्लोबिनचा आकडा थोडं सांगतो, सगळं सांगत नाही. या दोघांचं रक्त शेजारी शेजारी दोन नळ्यांतून सोडून बघावं, रोवणीत बघावं, उन्हाळ्यात बघावं, गोळी सुरू करायच्या आधी आणि नंतर बघावं. अमेरिकेतल्या पेशंटच्या रक्तावरचे आलेख आमच्या मुलांना जसेच्या तसे लावून चालणार नाहीत.

आणि हे रक्त ताजं लागतं. माझ्या पीएचडीत सगळ्यात जीव खाल्ला तो याच गोष्टीनं. पेशंटनं समजून-उमजून, सही करून दिलेलं रक्त सकाळी काढायचं, बर्फाच्या डब्यात घालायचं, बसनं नागपूर, तिथून रेल्वेनं पुणे. पोहोचेपर्यंत दुसरा दिवस. तोवर पेशींतलं पाणी, क्षार, एटीपी (पेशीचं इंधन) सगळं बदललेलं. पेशी मऊपणा गमावून बसतात, काही फुटतात. मग चिपमध्ये जे तुंबलेलं दिसतं ते आजारानं तुंबलं की प्रवासानं? तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्तही त्याच डब्यातून आणायचो, तरी शंका राहायची. मी तेव्हाच मार्गदर्शकांना म्हणत होते की आपण उलटं करतोय. चिप महिनोन्‌महिने धूळ न लागू देता डब्यात राहते. खराब होतं ते रक्त. मग प्रवास चिपेला घडवा.

क्लीनरूम पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत असू दे. साचे तिथे बनू दे, चिपाही तिथेच ओतू दे. इकडे काय लागतं? कॅमेरा लावलेला उलट्या रचनेचा मायक्रोस्कोप. एक सिरिंज पंप. नायट्रोजनचं सिलिंडर, नायट्रोजन तर कृत्रिम रेतनवाल्यांच्या द्रव नायट्रोजनमुळे खेड्यातल्या लोकांना अनोळखीही नाही. पाण्यात पेशी गरम-थंड करायची सोय. लाईट गेली तर इन्व्हर्टर. आणि हाताला सवय असलेले दोन माणसं, ज्यांना कळतं की सिरिंज आडवी ठेवली तरी लाल पेशी तळाला बसतात आणि अर्ध्या तासानं नळीत जाणारं रक्त पातळ झालेलं असतं, म्हणून सिरिंज मधून मधून फिरवायची. अशी माणसं आमच्या कॉलेजातून तयार होतील, याची खात्री मी देते.

शक्य आहे याचे पुरावे डोळ्यासमोर आहेत. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं 'गझेल' नावाचं छोटं, चिपवर चालणारं यंत्र जबलपूरच्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) संस्थेनं पेशंटच्या रक्तावर तपासून बघितलं. चंद्रपूरला हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी आयसीएमआरचं केंद्र आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली, सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं तिचं लक्ष्य. तपासणीनं कोण वाहक, कोण पेशंट ते कळेल, एएस-एएस लग्नाआधी चार शब्द बोलता येतील, ते हवंच. पण जे आज एसएस आहेत, त्यांना २०४७ पर्यंत दुखतच राहणार आहे. त्यांच्यासाठी रक्त तुंबण्याचा हा दुसरा प्रश्न आहे.

तोवर कॉलेजात मी माझ्यापरीनं सुरुवात केली आहे. वर्गात मी कुणाचंही रक्त घेत नाही आणि घेणारही नाही. पोरीचा रिपोर्ट वर्गात कळला की संध्याकाळी गावात कळतो आणि पुढे तिच्या लग्नात आडवा येतो. आम्ही रंगीत पाण्यावर शिकतो. काचपट्टीवर दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, ब्लेडनं तिच्यात इंग्रजी वाय आकाराची नळी कापायची, वरून भोकं पाडलेला ओव्हरहेड प्रोजेक्टरचा पारदर्शक कागद दाबायचा. मेडिकलमधून सलाईनचे दोन सेट आणायचे, बाटल्या खिडकीच्या गजाला टांगायच्या, एकीत खायचा पिवळा रंग, दुसरीत निळा. चाक अगदी थोडं सोडायचं.

पोरं हिरव्या रंगाची वाट बघतात. हिरवा येत नाही. पिवळी आणि निळी धार एकाच नळीतून शेजारी शेजारी जाते, मधे सरळ रेघ. "हे मिसळून काहून नाही रायलं जी?" हा प्रश्न आला की माझा तास सुरू होतो. एवढ्या बारीक वाटेत पाणी घुसळत नाही, त्याची चिकटाई त्याच्या वेगावर मात करते, मिसळण होते ती फक्त रेघेवर, रेणूंच्या स्वतःच्या भटकण्यानं. नळी लांब केली की रेघ टोकाशी हलकी हिरवी होताना दिसते. एका पोरानं एका सेटचं चाक घट्ट केलं, रेघ त्याच धारेच्या बाजूला सरकली, आणि त्यानं न सांगता ओळखलं की दाबानं रेघ चालवता येते. सूत्रकृमीच्या नाकासमोर गंधाची धार आणून परत हटवतात ती याच युक्तीनं.

पुढच्या वर्षी मला या पोरांना खरी चिप द्यायची आहे, आधी बकऱ्याच्या रक्तावर, ते इथे खाटकाकडे ताजं मिळतं. बकऱ्याची लाल पेशी तीन-चार मायक्रोमीटरचीच असते, त्यामुळे माणसाच्या मापाच्या नळीतून ती अडकल्याशिवाय जाईल, पण हात बसायला तेवढं पुरे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या प्रयोगशाळेत वापरून झालेले एसयू-८ चे साचे कपाटात पडून असतील, दहा-पंधरा मायक्रोमीटरच्या सरळ किंवा फांद्या फुटणाऱ्या नळ्यांचे, तर ते फेकू नका. त्यावरून चार चिपा ओतून, काचेला चिकटवून, टेपनं भोकं बंद करून पाठवल्यात तरी आमचं काम सुरू होईल. नकाशाची फाइल आणि नळीची उंची सोबत लिहून द्या, तेवढं मात्र विसरू नका.